शंका-समाधान : पन्नासाव्या दिवसाची मुळे

प्रश्न : नाताळ आणि ईस्टरला आमच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पेंटेकॉस्टला मात्र एरवीच्या रविवारी येतात तेवढीच माणसे. यंदा धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, ‘पवित्र आत्मा यायच्या आधीच तिथे एवढी गर्दी कशी काय जमली होती?’ मला उत्तर सुचले नाही. पेंटेकॉस्ट हा आपलाच सण ना? – एक शिक्षिका, वसई

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय पुन्हा एकदा वाचा. पन्नासावा दिवस आला होता, इथूनच लूक सुरुवात करतो. कसला पन्नासावा, कुठून मोजलेला, हे तो सांगत बसत नाही, कारण त्याच्या वाचकांना ते ठाऊक होते. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे रहिवासी, क्रेती, अरब अशी दूरदूरची माणसे सकाळी नऊ वाजता यरुशलेममध्ये हजर असतात, ती यात्रेला आलेली यहूदी मंडळी आहेत. वर्षातून तीन सणांना परमेश्वरासमोर हजर व्हावे, असा नियम अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात आहे : बेखमीर भाकरीचा सण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण. त्यांतला मधला तो हा. हिब्रूत त्याला शवूओत म्हणतात. शिष्य कोणताही नवा सण काढायला जमले नव्हते, ते आपला वाडवडिलांचा सण पाळत होते.

या सणाची घडण लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात आहे. वल्हांडणाच्या दिवसांत सातूची पहिली पेंढी याजकाने परमेश्वरासमोर ओवाळायची आणि तिथून पुरते सात आठवडे मोजायचे. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या दोन भाकरी अर्पण करायच्या, त्याही खमीर घालून. वल्हांडणाला घरातून खमीर हुडकून बाहेर काढणारी हीच माणसे सात आठवड्यांनी फुगलेल्या भाकरी मंदिरात नेत. त्या देशात सातू आधी पिकतो आणि गहू मागाहून. मधले सात आठवडे शेतकऱ्याच्या जिवाला घोर असे. एक उष्ण वारा आला तरी दाणा पोचट राहायचा. गहू घरात आला की मगच सण. म्हणूनच तोरेत या सणाला तारीख दिलेली नाही, मोजणी दिली आहे.

आता आपल्याकडचे बघा. पेंटेकॉस्ट 10 मे ते 13 जूनच्या दरम्यान येतो. तेव्हा वसईत कापणी नसते, पेरणीची घाई असते. आपल्या पूर्वजांनी पहिल्या पिकाचा आनंद सोडून दिला असे मात्र नाही. ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो, नव्या भाताची कणसे वेदीपाशी येतात. गोव्यात कणसांचे फेस्त असते, राय गावात ते 5 ऑगस्टला होते. म्हणजे सणाचे शेत कोकणात आले आणि भाताच्या वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्याच महिन्यात गेले. पेंटेकॉस्टच्या वाट्याला उरले फक्त अग्नीच्या जिभा आणि पांढरे कबुतर. यात कबुतर तर पेंटेकॉस्टचे नव्हेच, ते यार्देन नदीवरच्या बाप्तिस्म्याचे आहे.

माणसे न येण्याची बाकीची कारणे अगदी साधी आहेत. नाताळला गोठा, चांदणी आणि फराळ आहे, ईस्टरला चाळीस दिवसांचा उपवास सुटतो. पेंटेकॉस्टला घरात करायचे असे काही नाही. शाळांना सुट्टी असते, लग्नांचा धडाका असतो, घर शाकारायचे असते. त्यातून दिवस रविवारचा, म्हणजे वेगळी रजाही मिळत नाही. गंमत म्हणजे यहूद्यांमध्येही शवूओतचे बरेचसे असेच आहे. वल्हांडणाला बेखमीर भाकरी, मंडपांच्या सणाला मंडप, नववर्षाला शिंग. शवूओतला खास असे एकही साधन नाही. इ. स. 70 मध्ये मंदिर पडले आणि त्या दोन भाकरीही गेल्या. तरी त्यांनी सण टिकवला तो वाचनाने. रात्रभर जागून नियमशास्त्राचा अभ्यास करतात, सभास्थान हिरव्या डहाळ्यांनी सजवतात, दुधाचे पदार्थ करतात आणि रूथचे पुस्तक वाचतात.

एक विनंती. ‘ख्रिस्तसभेचा वाढदिवस’ म्हणून केक कापायची पद्धत काही ठिकाणी आली आहे. मुलांना मजा वाटते, हरकत नाही. पण वाढदिवस म्हटले की त्याआधी काहीच नव्हते असे मुलांच्या मनात बसते. केकच्या जोडीला गव्हाच्या दोन खमिरी भाकरी ठेवा आणि त्यांची गोष्ट सांगा.

प्रश्न : वल्हांडण आणि प्रभुभोजनाचा संबंध आम्हाला लहानपणापासून शिकवला जातो. पेंटेकॉस्ट आणि सप्ताहांच्या सणाचा संबंध मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. हा संबंध कुणी जाणूनबुजून तोडला का? – एक निवृत्त ग्रंथपाल, अहिल्यानगर

उत्तर : काही अंशी हो. पण एका माणसाने एका दिवशी तोडला, असे झालेले नाही.

पहिली गोष्ट मजकुराची. चारही शुभवर्तमाने वल्हांडणाभोवती उभी आहेत, त्यामुळे त्याचे यहूदीपण झाकता येत नाही. पेंटेकॉस्टचा उल्लेख सबंध नव्या करारात तीनदाच येतो : कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, विसाव्यात पौल त्या दिवसापर्यंत यरुशलेम गाठायची घाई करतो तिथे आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी. पौल ख्रिस्ती झाल्यावरही त्या सणाच्या हिशेबाने प्रवास आखतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आमचे उपदेशक ती ओळ वेळापत्रकातली नोंद समजून पुढे जातात.

दुसरी गोष्ट चौथ्या शतकाची. इ. स. 325 मध्ये नायसियाच्या परिषदेने ईस्टरची तारीख यहूदी गणनेवर अवलंबून ठेवायची नाही असे ठरवले. त्यानंतरचे सम्राट कॉन्स्टंटाइनचे पत्र युसेबियसने जपून ठेवले आहे. यहूद्यांशी आपला काही संबंध नको, असा त्याचा सूर आहे आणि तो कडवट आहे. ईस्टर सुटला की पन्नासावा दिवसही सुटणारच, तो त्यालाच बांधलेला. पुढे 386-387 मध्ये अँटिओक शहरात योहान ख्रिसोस्तोमने जी प्रवचने दिली, ती यहूदी सणांना सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर होती. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या : साडेतीनशे वर्षांनंतरही सामान्य ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याच्या सणाला जात होता. दुरावा वरून खाली आला. त्या प्रवचनांतली भाषा पुढच्या शतकांत यहूद्यांच्या जिवावर उठली, हेही विसरून चालणार नाही.

याच काळात सणाचे रूपही बदलत होते. आरंभीच्या शतकांत ईस्टरपासूनचे सगळे पन्नास दिवस मिळून पेंटेकॉस्ट. तो आनंदाचा काळ, त्यात उपवास नाही, गुडघे टेकणे नाही. गुडघे न टेकण्याचे तर नायसियाच्या विसाव्या नियमातच आहे. शेवटचा दिवस वेगळा उठून दिसू लागला तो त्याच शतकाच्या उत्तरार्धात. 380 नंतरच्या काही वर्षांत एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई यरुशलेमला गेली होती. तिने त्या दिवसाचे वर्णन लिहिले आहे : सकाळी गुलगुथ्यापाशी, मग आत्मा उतरला त्या सीयोनावर, दुपारनंतर जैतुनाच्या डोंगरावर आणि मेणबत्त्यांच्या उजेडात परतेपर्यंत मध्यरात्र. वाचतानाच पाय दुखू लागतात.

आता तिसरी गोष्ट, आणि ती तुमच्या शहराची आहे. थोर धर्मपंडित हा संबंध विसरले नव्हते. ऑगस्टीनने जनुआरियसला लिहिलेल्या पत्रात आणि पोप लिओ पहिला यांच्या पेंटेकॉस्टच्या प्रवचनात एकच जुळणी आहे : वल्हांडणाच्या कोकरानंतर पन्नासाव्या दिवशी सिनायवर नियमशास्त्र आणि ख्रिस्ताच्या बलिदानानंतर पन्नासाव्या दिवशी आत्मा. ही शिकवण ज्या दिवसाला टांगलेली होती तो दिवसच काही प्रॉटेस्टंट परंपरांनी काढून टाकला. बायबलात सांगितलेला नाही असा कुठलाही वार्षिक सण नको, ही प्युरिटनांची भूमिका. 1647 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे तिन्ही रद्द केले. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 नाताळ पाळणाऱ्याला दंड होता. 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जे अमेरिकन मिशनरी आले, ते बव्हंशी याच न्यू इंग्लंडच्या मुशीतले. त्यांनी शाळा, छापखाना, ‘ज्ञानोदय’ असे पुष्कळ दिले. पंचांग मात्र दिले नाही. नाताळ आणि ईस्टर लोकांनी पुढे घरातून, गाण्यांतून परत आणले. पेंटेकॉस्टला परत आणणारे कोणी नव्हते. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यापासून वाचनपाठांच्या तक्त्यात तो दिवस आहे. तो पाळायचा की नुसता छापायचा, हे पाळकावर अवलंबून.

कॅथोलिकांनी हसू नये. 1969 च्या सुधारणेत पेंटेकॉस्टनंतरचा आठ दिवसांचा उत्सवकाळ गेला; सोमवारी एकदम साधा काळ सुरू होतो. शनिवारच्या जागरण-मिस्सासाठी सिनायवरच्या प्रसंगाचे वाचन, निर्गमचा एकोणिसावा अध्याय, आजही नेमलेले आहे. बाबेलचा बुरूज, यहेज्केलची सुकी हाडे आणि योएलचे भविष्यही त्यात आहे. म्हणजे मुळे दाखवायची सोय ख्रिस्तसभेने करून ठेवली आहे. शनिवारी संध्याकाळी ती चारही वाचने किती धर्मग्रामांत होतात, ते तुमच्या कॅथोलिक शेजाऱ्याला विचारा.

एक सावधगिरी बाळगतो. सप्ताहांचा सण म्हणजे नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस, हे स्पष्टपणे सांगणारे रब्बींचे साहित्य मंदिर पडल्यानंतरचे आहे. त्याआधी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या ‘ज्युबिलीज’ या ग्रंथात हा सण कराराशी जोडलेला सापडतो आणि सिनायवर ज्वालेतून वाणी निघाली असे फिलोने पहिल्या शतकात लिहिले आहे. तेव्हा लूकच्या मनात सिनाय होता असे मानायला चांगला आधार आहे, निर्णायक पुरावा नाही. व्यासपीठावरून ‘त्याच दिवशी, त्याच तासाला’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या नावातच पेंटेकॉस्टल आहे. तरी आम्ही तो दिवस वेगळा पाळत नाही. पाळक म्हणतात, आमचा पेंटेकॉस्ट रोजच असतो. हे बरोबर का? – एक तरुण, पुणे

उत्तर : तुमच्या पाळकांचा मुद्दा मला समजतो. पेंटेकॉस्टल चळवळीने पंचांगातला दिवस घेतला नाही, त्या दिवशीचा अनुभव घेतला. 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर विल्यम सीमोर यांच्या सभांतून ती जगभर गेली, असे सगळीकडे लिहिलेले असते. तुमच्या पुण्याजवळच्याच केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, जून 1905 मध्येच मुलींच्या प्रार्थनांतून तशीच जागृती झाली होती. तिथल्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांनी पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले आणि ते परदेशातही वाचले गेले.

रमाबाईंचे आणखी एक वैशिष्ट्य तुमच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. आत्म्याच्या जागृतीने भारलेली हीच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सबंध बायबलाचे मराठी भाषांतर मूळ भाषांतून करत 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिली. लेवीयचा तो अध्याय तिने शब्द शब्द करून मराठीत आणला. आत्मा आणि अभ्यास यांचे वाकडे आहे, असे तिला वाटले नाही. तुमच्या मंडळीतही वाटायचे कारण नाही.

‘रोजच पेंटेकॉस्ट’ म्हणणाऱ्याला एकच विचारावे : आत्मा उतरल्यानंतर त्या अध्यायात शेवटी काय होते? तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा होतो, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढे लोक आपली मालमत्ता विकून गरजेप्रमाणे वाटून घेतात. हे आकाशातून पडलेले नाही. लेवीयमध्ये पन्नासाव्या दिवसाचे नियम संपतात आणि लगेच बाविसावे वचन येते : शेताची कड कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. सणांची यादी मध्येच थांबवून तिथे हे वचन बसवलेले आहे. अनुवादात या सणाच्या पंगतीला कोणाला बोलवायचे ते नावनिशीवार दिले आहे : दास, दासी, लेवी, उपरा, पोरका, विधवा. तोबितच्या पुस्तकात (कॅथोलिक बायबलात ते आहे) तोबित याच सणाचे जेवण वाढलेले असताना मुलाला गरीब माणूस शोधायला पाठवतो. रूथ तर दुसऱ्याच्या शेतात सातू आणि गव्हाच्या कापणीत कणसे वेचणारी परदेशी विधवा; तिचे पुस्तक यहूदी या दिवशी वाचतात ते उगाच नव्हे.

अन्य भाषा खऱ्या की खोट्या, यावर आपण शंभर वर्षे भांडतो आहोत. शेताच्या कडेवर एकही भांडण ऐकले नाही. मुळे विसरल्याचा सर्वांत मोठा तोटा मला विचाराल तर हा आहे.

प्रश्न : मडगावला पेंटेकॉस्टच्या सुमारास पुरुमेंताचे फेस्त भरते. या बाजाराचा यहूदी कापणीच्या सणाशी काही धागा आहे का? शिवाय काही वर्षी शवूओत आणि पेंटेकॉस्ट जवळ येतात, काही वर्षी महिनाभर लांब असतात, ते कसे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : धागा नाही. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचे फेस्त पेंटेकॉस्टचे आणि तो दिवस पावसाच्या तोंडावर येतो, म्हणून सुकी मासळी, मिरच्या, सोले, चिंच, कांद्याच्या माळा अशी चार महिन्यांची बेगमी तिथे विकायला येऊ लागली. ही कृपा मान्सूनची, लेवीयची नव्हे. तरीही नव्या कराराचा सण लोकांच्या लक्षात राहण्याचे हे आपल्याकडचे एक ठळक उदाहरण म्हणावे लागेल. त्या दिवशी सुके बांगडे घ्यायचे असतात, हे मडगावकर विसरत नाही.

तारखांचे असे. यहूदी पंचांग चांद्र महिन्यांचे आहे आणि आपल्या अधिक मासासारखा त्यातही महिना वाढतो. 2024 मध्ये तो वाढला, त्यामुळे ईस्टर 31 मार्चला आणि वल्हांडण 22 एप्रिलच्या संध्याकाळी आला. पेंटेकॉस्ट 19 मे, शवूओत 11 जूनची संध्याकाळ. 2026 मध्ये शवूओत 21 मेच्या संध्याकाळी आणि पेंटेकॉस्ट 24 मेला. शिवाय मोजणी कुठून सुरू करायची यावर यहूद्यांतच जुना वाद होता. ‘शब्बाथानंतरचा दिवस’ म्हणजे सणाच्या पहिल्या दिवसानंतरचा, असे परूशी म्हणत. दुसरा पक्ष खरोखरच्या शनिवारनंतरचा रविवार धरी. पहिले मत टिकले. दुसऱ्या पद्धतीने मोजले तर पन्नासावा दिवस दरवर्षी रविवारीच येतो, जसा आपला येतो.

प्रश्न : हे सगळे वाचल्यावर वाटते, आपण ख्रिस्ती लोकांनीही शवूओत पाळावा का? निदान सभास्थानात जाऊन बघता येईल का? – एक दांपत्य, ठाणे

उत्तर : पहिल्याचे उत्तर ‘नको’ असे देईन. परदेशातले व्हिडिओ पाहून काही मंडळ्यांत शिंगे फुंकणे, प्रार्थनेची शाल पांघरणे सुरू झाले आहे. ज्यांचे सण शतकानुशतके हिणवले, त्यांचेच सामान आता सजावटीला आणणे मला पटत नाही. सण त्यांचा आहे आणि जिवंत आहे. कॅथोलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’मध्ये परस्परांना समजून घेण्यावर भर दिला, तोच रस्ता बरा. पेंटेकॉस्टला लेवीय 23 आणि कृत्ये 2 एकापाठोपाठ वाचा. जेवायला अशा कोणाला तरी बोलवा, ज्याला त्या दिवशी कोणी बोलावलेले नाही.

सभास्थानाचे मात्र जरूर मनावर घ्या. यहूदी म्हणजे दूर देशातले कोणी, अशी सबब मराठी ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. बेने इस्राएल शतकानुशतके कोकणात आहेत, मराठी बोलतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ ते हेच. तुमच्या ठाण्यातले शाआर हशामाईम सभास्थान 1879 पासून उभे आहे. सणाच्या दिवशी न विचारता जाऊ नका. विश्वस्तांची परवानगी आठवडाभर आधी घ्या, कारण सण लागल्यावर धर्मनिष्ठ यहूदी फोन घेत नाहीत. सुरक्षेसाठी ओळखपत्र जवळ ठेवा. पुरुषांनी डोके झाकावे, फोटो काढू नयेत, आणि ‘तुम्ही येशूला का मानत नाही’ हा प्रश्न घरी ठेवून जावे.